आजीची गुलाबाची बाग विकणाऱ्यास

अर्जसम्राट महोदय,



गोंदियाच्या बाजारात तुमची पाटी वर्षागणिक रुंद होत चालली आहे, अभिनंदन! दुकानाचं नाव लिहीत नाही. फुकट जाहिरात कशाला? वनस्पतिशास्त्राच्या परदेशी एम.एस्सी.साठी तुम्ही रोख मोजून घेऊन लिहून दिलेलं ‘उद्देशपत्र’ माझी विद्यार्थिनी मला दाखवायला घेऊन आली. वाचून धन्य झालो.

पहिल्याच परिच्छेदात आजीची गुलाबाची बाग. महोदय, पोरगी अर्जुनी मोरगाव तालुक्यातली. तिची आजी दर पावसाळ्यात कमरेत वाकून रोवणी करते. गुलाब पाहिला असेल तर लग्नाच्या हारात. पुढे ‘पाण्याच्या थेंबासाठी आसुसलेला माझा जिल्हा’. अहो, तलावांचा जिल्हा म्हणतात याला! कोहळी मंडळींनी बांधलेले मालगुजारी तलाव आहेत, गावोगाव बोड्या आहेत, नवेगावबांध तर तिच्याच तालुक्यात. तुम्ही एका ओळीत सगळे आटवलेत. एवढ्या झटपट तर गाळानेही जमवलं नव्हतं.

तिला खरं काय लिहायचं होतं, हे विचारायला तुम्हाला सवड कुठली! तिच्या बापाच्या बांधीत गादमाशी येते. अळी धानाच्या वाढत्या कोंबात शिरते आणि तिथून कांद्याच्या पातीसारखा पोकळ, चंदेरी पोंगा निघतो. त्या फुटव्याला लोंबी येत नाही. देशात या माशीचे अनेक जैवप्रकार आहेत, त्यामुळे एका भागात टिकणारं वाण दुसऱ्या भागात बळी पडतं. आपल्या धानातली प्रतिकारक जनुकं नेमकी कुठे कमी पडतात, हे तिला शोधायचंय. निवड समितीतला कुणीही हे वाचून खुर्चीत सरसावून बसला असता. तुमच्या मसुद्यात गादमाशी नाहीच. ‘जागतिक भुकेचं निर्मूलन’ मात्र तीनदा आहे.

अर्ज नेदरलँड्सच्या वागेनिंगेन विद्यापीठाला, आणि शेवटी गोडवे आयोवाच्या मक्याचे! आधीच्या गिऱ्हाइकाचं नाव खोडलंत, मका तेवढा राहून गेला.

माझं शिफारसपत्रही तुम्हीच तयार करून पाठवलंत, मी फक्त सही ठोकायची. ‘उभ्या कारकिर्दीत अशी विद्यार्थिनी पाहिली नाही,’ असं मी म्हणतो म्हणे. हेच वाक्य मी गेल्या हंगामात एका मुलाच्या पत्रातही वाचलं होतं. तिथेही ‘विद्यार्थिनी’च होतं.

मुलगी आता स्वतः लिहायला बसली आहे. इंग्रजी अडखळतं, पण गादमाशी पहिल्या ओळीत आली आहे. तिचे पैसे तेवढे परत करा. पावती तुम्ही दिली नव्हतीत, म्हणजे हिशेब तुमच्या तोंडपाठ असणारच.

आपला,
वनस्पतिशास्त्राचा एक मास्तर, गोंदिया

ता. क. शिफारसपत्रात तुम्ही मला वाणिज्य शाखेचा विभागप्रमुख केलंत. बढतीबद्दल आभारी आहे.