पुलापलीकडचे बिनविम्याचे

अमेरिकेत ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांच्या मधून कोलंबिया नदी वाहते. अलीकडे पोर्टलंड, पलीकडे व्हँकुव्हर (कॅनडातलं नव्हे, हा त्याचा गरीब नामबंधू). पाऊस दोन्ही काठांवर तोच, मोटारविमाही दोन्हीकडे सक्तीचा. तरी तिथल्या इन्शुरन्स रिसर्च कौन्सिलच्या अंदाजानुसार 2019 मध्ये ऑरेगनात बिनविम्याचे चालक 10.7 टक्के होते आणि वॉशिंग्टनात 21.7. म्हणजे पूल ओलांडला की जोखीम दुप्पट.

यावर जगभर चालणारं स्पष्टीकरण एकच: पलीकडचे लोकच तसले. पुणेकराला पिंपरीबद्दल आणि पिंपरीकराला पुण्याबद्दल हे शास्त्र उपजतच येतं. पण व्हँकुव्हरकर बेफिकीर म्हणावा, तर तो राहतो पलीकडे, कारण तिथे पगारावर राज्याचा आयकर नाही आणि टीव्ही घ्यायला येतो अलीकडे, कारण इथे विक्रीकर नाही. असा पक्का माणूस विमाच तेवढा विसरतो? ऑरेगनात गाडीच्या नोंदणीच्या वेळी विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी नंबर लिहावा लागतो. वॉशिंग्टनात नोंदणीच्या खिडकीवर हे कुणी विचारतच नाही. न विचारता कागद काढून दाखवणारा सज्जन अजून जन्माला यायचाय.

त्याहून मजा न्यू हॅम्पशायरची. तिथे विम्याची सक्तीच नाही. मोठ्यांना सीटबेल्टचीही नाही. गाड्यांच्या नंबरप्लेटवर राज्याचं ब्रीद असतं, स्वतंत्र जगा नाहीतर मरा. आणि या प्लेटा बनवतात तुरुंगातले कैदी! एवढं मोकळं रान असूनही बिनविम्याचे फक्त 6.1 टक्के. गाडीवर कर्ज असलं की विमा मागणारा कर्ज देणारा असतो आणि त्याला स्वातंत्र्याचं वेड नसतं. उलट सक्तीचा कायदा असलेल्या मिसिसिपीत 29.4 टक्के. देशातल्या सर्वांत गरीब राज्यांपैकी हे एक. हप्ता भरावा की घरभाडं, या प्रश्नावर विधानसभेने कायदा करून काय होणार?

आपण मात्र हसू नये. आपल्याकडे विमा सक्तीचा आहे आणि रस्त्यावरची निम्म्याहून अधिक वाहनं बिनविम्याची आहेत. साध्या स्कूटरचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला 714 रुपये अधिक जीएसटी, पहिल्या वेळचा दंड 2000. गणित सरळ विम्याच्या बाजूचं, पण त्यात एक गोष्ट धरलेली नाही, ती म्हणजे पकडलं जाणं. शोरूमने गळ्यात मारलेली पाच वर्षांची पॉलिसी कधीच संपलेली असते. तिची झेरॉक्स डिकीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, नेमकी तारखेवर घडी पडलेली. नाक्यावर अडवलं की आपण ती बाणेदारपणे पुढे करतो. हवालदारही घडी उलगडत नाही, कारण आज मोहीम हेल्मेटची असते.