तेरवीला पोचण्याइतकं लांब

आमच्या लोणार तालुक्यातल्या बीबी गावातून पुण्याला जायला कोणी कोणाला विचारत नाही. पोरगं आयटीआय झालं की सॅक पाठीवर टाकून रात्री रस्त्यावर येऊन उभं राहतं. मेहकरकडून ट्रॅव्हल्स येते, पोरगं सकाळी चाकणच्या वाटेला लागतं आणि पुढची वीस वर्षं दिवाळीत आणि लग्नसराईत तेवढं दिसतं. घर तिकडंच होतं, लेकरं तिकडंच शाळेत जातात, त्या लेकरांना तूर आणि सोयाबीन शेतात वेगळी ओळखता येत नाही. तरी ते गाव सोडून गेलं असं कोणी मानत नाही. रेशनकार्डावर नाव असतं, मतदानाला येतो, झालं.

धाकट्या भावाचं मात्र तसं झालं नाही. तो केंद्र सरकारच्या एका खात्यात आहे. खात्यानं त्याला लेखी विचारलं, ग्रेट निकोबारला जायची तयारी आहे का? क्वार्टर मिळेल, कुटुंब नेता येईल, तीन वर्षांनी परत आणू. महिनाअखेर कळवावं. त्यानं तो कागद घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि शनिवारी स्वतः आला. रविवारी सकाळी ओट्यावर बैठक बसली. ज्यांना बोलावलं होतं ते आले. ज्यांना बोलावलं नव्हतं ते त्याआधीच येऊन बसले होते.

पहिला प्रश्न आबांचा. ‘हे हाये कुठं?’

पुतण्याच्या खोलीतला भारताचा नकाशा उतरवून आणला आणि ओट्याच्या भिंतीला धरला. त्याचा उजवीकडचा खालचा कोपरा गेल्या उन्हाळ्यात कूलरच्या पाण्यानं भिजून फाटला होता. केरळ होतं, श्रीलंका अर्धी होती, आणि बंगालच्या उपसागराच्या जागी आमच्या भिंतीचा निळा रंग दिसत होता. धाकट्यानं त्या भिंतीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘इथं.’ आबांनी चष्मा पुसून पाहिलं. त्यांना काही पटलेलं दिसलं नाही.

तर ते बेट खरोखरच तिथं आहे. अंदमानची राजधानी, २०२४ पर्यंत जिला पोर्ट ब्लेअर म्हणत आणि आता श्री विजयपुरम म्हणतात, तिच्या दक्षिणेला आणखी पाचशे किलोमीटरहून जास्त गेलं की कॅम्पबेल बे हे ग्रेट निकोबारचं मुख्य गाव लागतं. भारताचं दक्षिण टोक कन्याकुमारी नव्हे, याच बेटावरचा इंदिरा पॉइंट. तिथून इंडोनेशियाचं सुमात्रा दीड-दोनशे किलोमीटरांवर आणि आपलं चेन्नई दीड हजारांच्या पुढं. वर्षातले कित्येक महिने पाऊस. ही शेवटची माहिती ऐकून आमच्याकडच्या दोघा-तिघांच्या डोळ्यांत हेवा दिसला. सोयाबीन फुलोऱ्यात असताना पंचवीस दिवसांचा खंड पडलेला ज्यानं पाहिलाय त्याला पावसाची भीती कशी घालणार?

समुद्राची भीती मात्र सगळ्यांना. कारण समुद्र म्हणून आम्हांला जे काही ठाऊक आहे ते म्हणजे लोणारचं सरोवर. ते खारट आहे, गोल आहे, २०२० च्या जून महिन्यात ते अचानक गुलाबी झालं होतं, आणि त्यात कोणी पोहत नाही. समुद्राविषयी आमच्या तालुक्याचं जे काही मत आहे ते यावरून बनलेलं आहे.

मोठे काका निवृत्त शिक्षक. त्यांनी शाळेत असताना ‘माझी जन्मठेप’ वाचलेलं, आणि त्यानंतर अंदमानची वेगळी माहिती घेण्याची त्यांना गरज वाटलेली नाही. ‘काळं पाणी हे,’ ते म्हणाले, ‘कोलूला जुंपतेत.’ धाकट्यानं समजावलं, की इंग्रजांनी १८५८ मध्ये सत्तावनच्या बंडातले कैदी नेऊन ती वसाहत सुरू केली हे खरं. सेल्युलर जेल १९०६ साली बांधून झाला, त्याच्या सात इमारतींपैकी आता तीन उरल्यात आणि तिथं तिकीट काढून लोक फोटो काढतात. शिवाय मी जातोय ते बेट त्याच्याही खाली आहे. काका म्हणाले, ‘त्याच्याही खाली?’ आणि ज्या नजरेनं त्यांनी धाकट्याकडं पाहिलं, त्यावरून शिक्षा वाढली असाच त्यांचा समज झाला असावा.

मामांचं म्हणणं वेगळं. समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून गेला, ७०१ किलोमीटरांतला काही भाग ओळखीच्यांच्या वावरातून गेला, आणि तेव्हापासून मामा कोणत्याही जागेकडं भूसंपादनाच्या नजरेनं पाहतात. ग्रेट निकोबारला गॅलथिया बेमध्ये मोठं कंटेनर बंदर होणार, विमानतळ होणार, नवं शहर होणार, हे त्यांनी मोबाइलवर पाहून ठेवलं होतं. आज आठ-नऊ हजार माणसं राहतात त्या बेटावर तीस वर्षांत साडेतीन लाख माणसं बसवायचा बेत आहे. ‘बापू, जाय तू. रोडटच दोन गुंठे पाहून ठेव.’ तिथं बाहेरच्याला जमीन घेणं सोपं नाही, त्या जंगलात शोंपेन आणि निकोबारी लोकांचं घर आहे, त्या किनाऱ्यावर लेदरबॅक नावाची भलीमोठी कासवं अंडी घालायला येतात, आणि या सगळ्यावरून देशात मोठा वाद चालू आहे, हे धाकटा सांगत राहिला. मामांनी कासवांचा मोबदला कोणाला मिळणार एवढंच विचारलं.

आत्याचा कौल भेंडवळकडं. जळगाव जामोद तालुक्यातली ती घटमांडणी आमच्या जिल्ह्यात हवामान खात्याइतकीच मानतात, काही घरांत थोडी जास्त. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात, भोवती गोलाकार धान्यं ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोणतं धान्य आत-बाहेर सरकलं ते पाहून पिकापाण्याचं, राजाचं, देशाचं भाकीत सांगतात. त्यात पुरी म्हणजे पृथ्वी, पानाचा विडा म्हणजे राजा, आणि पाण्यानं भरलेली घागर म्हणजे समुद्र. ‘घागरीचं पाहून ठरवा,’ आत्या म्हणाली. अक्षय्य तृतीयेला अवकाश होता आणि खात्याची मुदत महिनाअखेरची. पण माझ्या मनात ती घागर राहिली. समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्या माणसांनी त्याला निदान घागरीएवढी जागा ठेवली आहे.

मग त्सुनामीचा विषय निघालाच. २६ डिसेंबर २००४. त्या सकाळी इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरांहून जास्त खचली. जमिनीवर उभं असलेलं दीपगृह पाण्यात आलं. किनाऱ्यावरच्या वस्त्या वाहून गेल्या, माणसं गेली, आणि वाचलेले कित्येक वर्षं पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत राहिले. धाकटा हे लपवत नव्हता, त्यानं सगळं वाचून सांगितलं आणि ओटा गप्प झाला. शेवटी कॉलेजात जाणारा पुतण्या बोलला. ‘आत्या, आपल्या तालुक्यात वरून दगड पडून पावणेदोन किलोमीटरचा खड्डा झाला. तरी आपन इथंच राह्यतो ना?’ लोणारची उल्का कधी पडली यावर शास्त्रज्ञांचंही एकमत नाही. कोणी बावन्न हजार वर्षं सांगतं, कोणी साडेपाच लाखांच्या वर. आत्याला दोन्ही आकडे चालले. ‘तवा आपन नव्हतो,’ ती म्हणाली. या युक्तिवादाला मला आजपर्यंत उत्तर सुचलेलं नाही.

असं काही कोणी आधी केलंय का, हे पाहायची माझी खोड. तर केलंय, आणि आपल्याच माणसांनी केलंय. बासष्ट आणि पासष्टची युद्धं झाल्यावर सरकारच्या लक्षात आलं, की मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या तोंडावर आपलं एवढं बेट आहे आणि किनारा जवळजवळ मोकळा. १९६९ पासून पुढची दहाएक वर्षं माजी सैनिकांची तीनशेहून जास्त कुटुंबं ग्रेट निकोबारला नेऊन वसवली. पंजाब, तामिळनाडू, केरळ, आंध्र, आणि महाराष्ट्रसुद्धा. प्रत्येकाला दहा एकरांहून जास्त जमीन. जमीन म्हणजे जंगल. ते तोडून नारळ-सुपारी लावायची. जोगिंदरनगर, गोविंदनगर, विजयनगर, लक्ष्मीनगर, गांधीनगर, शास्त्रीनगर अशी गावांची नावं. ऐकून वाटावं, हे एखाद्या तालुक्याच्या गावाजवळचं नवं लेआउट आहे.

त्यातल्या मराठी घरांचा मी फार विचार केला. शिपाई फौजेतून परत आलेला, त्याला जहाज-बिहाज माहीत, हुकमाची सवय. पण त्याच्या बायकोला कोणी विचारलं असेल का? ओट्यावर अशीच बैठक बसली असेल का? की सातबाऱ्यावर तीन भावांत मिळून दोन एकर होते आणि सरकार दहा देतंय, एवढ्यावरच विषय संपला असेल? कोकणातून १८३४ नंतर मॉरिशसला ऊस तोडायला गेलेल्यांचं तरी काय, मुकादमाच्या शब्दावर जहाजात चढले. त्यांची पणतवंडं आज तिथल्या शाळांत मराठी शिकतात आणि गणेश चतुर्थीला तिथं देशभर सुट्टी असते. गरज जेवढी मोठी तेवढी बैठक छोटी, असं मला दिसतं. आमची बैठक दुपारपर्यंत चालली. म्हणजे घरी बरं चाललंय.

चहाच्या तिसऱ्या फेरीला कोणाच्या तरी ध्यानात आलं, की धाकट्या सुनेला विचारायचं राहिलंय. ती कपबश्या गोळा करायला आली होती. आईनं विचारलं, ‘तुह्यं काय म्हननं हाये गं?’ आता आमच्या घरात अकरा माणसं, दोन गॅस, एक न्हाणीघर, आणि सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत कोणी ना कोणी जेवत असतं. दिवाळी, अखाजी आणि उन्हाळ्याची सुट्टी ती इथंच काढते. तिनं सगळ्यांचं तोंडभर ऐकून घेतलं होतं: बेट, भोवती पाणी, यायला-जायला साधन कमी, पाहुणे सहसा येत नाहीत. ‘मी तयार हाये,’ ती म्हणाली, आणि कपबश्या घेऊन आत गेली. मामांचे गुंठे सोडले तर पहिल्यांदाच कोणीतरी त्या बेटाच्या बाजूनं बोललं होतं, आणि तेही आम्हीच सांगितलेल्या तक्रारींच्या जोरावर. नऊ वर्षांच्या पुतणीनं तिथं मगरी आहेत का विचारलं. खाऱ्या पाण्यातल्या आहेत, असं कळल्यावर तिचंही मत पडलं. दोन मतं झाली.

आईचा प्रश्न रेंजचा होता. व्हिडिओ कॉल लागेल का? चेन्नईहून समुद्राच्या तळातून केबल टाकली आहे, २३०० किलोमीटरची, ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली आणि ती ग्रेट निकोबारपर्यंत जाते. तिकडून कॉल लागेल. अडचण इकडची आहे; वीज गेली की आमच्याकडं टॉवरही जातो आणि मग गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी उभं राहून बोलावं लागतं. आईला गुडघ्यांमुळं गच्ची चढवत नाही. यावर धाकट्यानं इन्व्हर्टरचं आश्वासन दिलं.

इतका वेळ आबा काही बोलले नव्हते. त्यांनी पुतण्याला पाटी-पेन्सिल घेऊन बसावं तसं मोबाइल घेऊन शेजारी बसवलं. ‘सांग. समज, इथं कोनी गेलं. सकाळी फोन केला. बापू कधी पोचल?’

हा खरा प्रश्न होता. सकाळपासून साप, मगरी, कोलू, त्सुनामी असं जे चाललं होतं ते याच्याभोवतीच फिरत होतं. आमच्याकडं अंतर किलोमीटरांत मोजत नाहीत, मातीला पोचता येतं का यावर मोजतात. चाकणहून पोचता येतं, संध्याकाळपर्यंत थांबतात, गाडी दुसरबीडच्या पुढं आली असा फोन आला की तिरडी बांधायला घेतात. चाकणची किती पोरं खरोखर वेळेवर पोचतात हे सगळ्यांना माहीत आहे. साहेब सोडत नाही, ट्रॅफिक लागतं, काही जण थेट दहाव्याला उगवतात. पण पोचू शकत होता, एवढ्यावर गाव त्याला आपला समजतं.

पुतण्यानं हिशोब मांडला. कॅम्पबेल बेहून हेलिकॉप्टर असतं, पण जागा मोजक्या आणि आधी आजाऱ्यांना. नाहीतर जहाज, वाटेतली बेटं घेत घेत श्री विजयपुरम. तिथून विमानानं चेन्नई, मग संभाजीनगर किंवा नागपूर, मग एसटी. सगळं जुळलं तर मातीला नाही, राख सावडायलाही नाही, पण दहाव्याच्या आसपास. जहाज चुकलं तर तेरवीला.

‘तेरवीला येतो म्हंजे येतो,’ आबा म्हणाले. आवाजात मोठा दिलासा होता. तेरवीला जेवण असतं, पाहुणे असतात, पाटावर पुढं बसायला माणूस लागतो. मातीला काय, चार खांदे गावात कुठंही मिळतात. ‘भर तुह्या कागद.’

धाकट्यानं तिथंच मोबाइलवर उत्तर टाईप केलं आणि मला वाचायला दिलं. मी एका जागी व्याकरण सुधारलं. तेवढ्यात पुतण्या म्हणाला, पावसाळ्यात तिकडं समुद्र खवळलेला असतो, जहाजं लांबतात, रद्दही होतात.

आबांनी थोडा वेळ विचार केला. ‘म्हंजे मले उन्हाळ्यातच जावं लागंल.’

‘उन्हाळ्यात काई नाई,’ आई आतून म्हणाली. ‘लग्नं असतेत.’