ट्राउटला किंमत वाचता येत नाही

(मुंबईतलं मासेमारीच्या सामानाचं दुकान. भिंतभर चकचकीत पाकिटं. काउंटरपाशी गिऱ्हाईक. बाजूच्या स्टुलावर तंगूस घ्यायला आलेले कोकणातले एक काका.)

गिऱ्हाईक : हिमाचलला चाललोय, तीर्थन नदीवर. ट्राउट धरायला. रॉड आणि रीळ झालं, आता प्रत्येक रंगाचा एकेक स्पिनर द्या. ऐनवेळी माशाला कुठला आवडेल, काय सांगता येतं?

दुकानदार : शहाणा दुकानदार इथे गप्प बसून बिल फाडेल. पण तुम्ही निवडीला शेपटाकडून सुरुवात केलीत, ते बघवत नाही. या भिंतीवरचे रंग माशाने पसंत केलेले नाहीत, पाकीट उचलणाऱ्याने केलेत. माशाच्या दृष्टीने पहिला प्रश्न असतो तो ल्युअर, म्हणजे हे खोटं आमिष, कुठल्या थरातून आणि किती वेगाने चाललंय हा. नदीतला ट्राउट दिवसभर भक्ष्य शोधत हिंडत नाही. धोंड्याच्या आडोशाला, जोराच्या धारेला लागून जे संथ पाणी असतं तिथे प्रवाहाकडे तोंड करून थांबतो, आणि धारेतून वाहत येईल त्यातलं उचलतो. धार कापत जायला ताकद लागते. घासापेक्षा धाव महाग पडणार असेल तर तो जागचा हलत नाही. मग तुमचा स्पिनर त्याच्या डोक्यावरून दोन फूट उंचीने निघून गेला, तर तो सोन्याचा असला काय आणि पत्र्याचा असला काय! म्हणून आधी वजन बघायचं, मग पातं, मग आकार. पैसे उरलेच तर रंग.

गिऱ्हाईक : पात्यात काय बघायचं? सगळी फिरतातच की.

दुकानदार : फिरतात, पण सारखी नाही फिरत. हे रुंद, गोलसर पातं दांडीपासून लांब पसरून फिरतं. त्याला पाण्याचा उठाव जास्त, त्यामुळे हळू ओढलं तरी थांबत नाही आणि वरच्या थरात राहतं. डोहाला, गुडघाभर संथ पाण्याला हे. दुसरं बघा, वेळूच्या पानासारखं अरुंद. ते दांडीला लगटून फिरतं, पाण्याचा अडथळा कमी, म्हणून जोराच्या धारेतही खाली टिकतं. तीर्थन ही उताराची, धोंड्यांची नदी. तिथे रुंद पातं प्रवाहाच्या विरुद्ध ओढलंत की उसळून वर येणार आणि मासा खाली बसून तमाशा बघणार. प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकलंत तर उलटी गोष्ट. पाणीच ल्युअर तुमच्याकडे आणतं, म्हणून रीळ पाण्यापेक्षा वेगाने फिरवायला हवं, नाहीतर पातं फिरणारच नाही. स्पून फिरत नाही, डोलतो. वजनदार असल्यामुळे लांब जातो आणि तळ गाठतो. तुमच्या हलक्या रॉडला 2 ते 7 ग्रॅमच्या मधलं वजन मानवेल. आणि स्पिनरच्या पुढे एक स्विव्हल, म्हणजे फिरती कडी, बांधा, नाहीतर संध्याकाळी तंगुसाचा पीळ सोडवत बसाल.

गिऱ्हाईक : हे सगळं खरं असेल हो, पण जाणकार शपथेवर सांगतात की सोनेरीवरच लागतो. दहा लागले तर नऊ सोनेरीवर.

दुकानदार : त्या जाणकारांचा सोनेरी स्पिनर पाण्यात किती वेळ होता, तेही विचारा. ज्याच्यावर विश्वास, तोच सकाळी पहिला बांधला जातो, चांगल्या जागी टाकला जातो, दिवसभर राहतो. चंदेरीची पाळी येते ती दुपारी, सगळं थंडावल्यावर, कंटाळा आल्यावर. मग हिशोबात सोनेरी जिंकणारच. शिवाय माणूस नुसता रंग बदलत नाही. त्याबरोबर जागा बदलतो, वेग बदलतो, तोवर ऊनही सरकलेलं असतं. मासा लागला की श्रेय मात्र रंगाला. आमचा अर्धा धंदा या एका चुकीवर उभा आहे, तिला मी नावं ठेवत नाही.

गिऱ्हाईक : म्हणजे माशाला रंग दिसतच नाहीत?

दुकानदार : असं कुठे म्हटलं? ट्राउटला रंग चांगले दिसतात. पण पाणी रंग खातं, आणि त्यात तांबडा सर्वांत आधी जातो. खोल तळ्यात लालचा काळपट होतो. गुडघाभर नितळ पाण्यात लाल लालच राहतो. ल्युअर माशाच्या वर असेल तर त्याला आकाशावर निव्वळ सावली दिसते. गढूळ पाण्यात नजरच चालत नाही. तिथे पात्याची थरथर त्याच्या कुशीवरच्या संवेदी रेषेला जाणवते, ती कामाची. रंगाला अर्थ आहे, पण खोली, पाणी आणि ऊन ठरल्यानंतर. फिनलंडमध्ये 1936 साली लाउरी रापाला नावाच्या कोळ्याने बुचाचा मासा कोरला आणि त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली. रंगाची ऐपतच नव्हती. पण तो जखमी माशासारखा लटपटत पोहायचा, आणि मोठ्या ट्राउटला असा लंगडा मासा म्हणजे कमी कष्टात भरपूर जेवण. आज त्याचे वंशज त्या कोपऱ्यात शेकड्याने टांगलेत, बहुतेक रंगासाठीच विकले जातात.

काका : मला एक समजत नाही. मासा खातो किडे. मग जितं गांडूळ सोडून हा पत्रा कशाला? आम्ही खाडीत गरीला कोळंबी लावतो, कोळंबीला कधी विचारलं नाही तिचा रंग काय ते.

दुकानदार : काका, तुमचा मुद्दा बिनतोड आहे, अर्ध्यापर्यंत. ट्राउटचं नाक तिखट असतं. पाणी फार गार असलं की त्याची हालचाल मंदावते, ल्युअरमागे धावायचा उत्साह नसतो; किंवा पाणी गढूळ असलं की त्याला दिसत नाही. अशा वेळी तळालगत वाहत जाणारं गांडूळ पत्र्यापेक्षा सरस ठरतं. पण खरं खाणं मासा थुंकत नाही, गिळतो. गरी घशात, कधी पोटात जाते. तुम्ही कालवणासाठी धरता, तुम्हाला काय फरक पडतो? हे साहेब फोटो काढून सोडून देणार. गांडुळावर धरून सोडलेले ट्राउट ल्युअरवरच्यांपेक्षा जास्त मरतात, हे अनेकदा तपासून झालंय. पत्रा पकडला की माशाला फसवणूक कळते आणि गरी बहुधा ओठातच राहते. काही पाण्यांवर तर जिवंत आमिषाला परवानगीच नसते, तेव्हा साहेब, परवाना हातात आला की आधी तो वाचा.

गिऱ्हाईक : ती पिठाच्या गोळ्याची रंगीत डबी? त्यावर धडाधड लागतात म्हणे.

दुकानदार : तळ्यात सोडलेले, हौदात गोळीखाद्यावर वाढलेले लागतात, त्यांना तो वास ओळखीचा. नदीत जन्मलेल्याला त्याचं काय? शिवाय वाहत्या पाण्यात गोळा गरीवर टिकत नाही.

गिऱ्हाईक : पण हा मासा मुळात विलायती ना? इंग्रजांनी आणलेला. मग त्याला विलायती ल्युअर नको?

दुकानदार : 1909 च्या सुमारास कुलूच्या खोऱ्यात ब्राउन ट्राउट सोडला, हे खरं. तेव्हापासून तिथलेच किडे खातोय. त्याला मेड इन फ्रान्स वाचता येत नाही, पाकिटावरची किंमतही नाही.

काका : (हसत) आणि वाचता आली असती तर पहिला तोच उठून पळाला असता.

दुकानदार : तर एक रुंद पातं, एक अरुंद, एक लहान स्पून. तिन्ही जोडीने घ्या, कारण दोन धोंड्यांत अडकून जाणारच. बाकी पाण्यावर. मार्च-एप्रिलला गार आणि नितळ, तिथे लहान ल्युअर, सावकाश ओढायचा. मे-जूनला बर्फ वितळून दुधाळ, मग मोठं पातं. पावसाळ्यात भरवसा नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरला पुन्हा निवळतं. तुम्ही कधी निघताय?

गिऱ्हाईक : दिवाळी उरकून, नोव्हेंबरच्या मध्यावर. गर्दी नसते तेव्हा.

दुकानदार : गर्दी कशी असेल? 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर तिथे ट्राउटला हात लावायला बंदी असते. मासे अंडी घालतात त्या दिवसांत.

गिऱ्हाईक : विमानाची तिकिटं परत होत नाहीत हो! मग या सहांचं काय करू?

काका : करायचं काय? नोव्हेंबरात खाडीला या, स्पून घेऊन. तिथे बंदी नाही. कोळंबी मी आणतो, बघू कोणाला आधी लागतो.

दुकानदार : मग साहेब, स्पून जरा मोठा घ्या. खाऱ्या पाण्यात गरी गंजते, ती वेगळी देतो.