उगवण किती?

हातकणंगल्याहून वडगावच्या रस्त्याला लागलं, की एखाद्या हिरव्या शेडनेटखाली हा माणूस हमखास सापडतो. सगळे त्यांना आण्णा म्हणतात. ऊसरोपं विकतात, पण बोलतात ते उगवणीवरच. शाळेचा दहावीचा निकाल लागला तरी विचारणार, "उगवण किती टक्के?"

ट्रे ४२ कप्प्यांचा. ४१ उगवले तरी आण्णांची नजर उरलेल्या एकावर. बोटानं कोकोपीट उकरून कांडी बाहेर काढतात, चष्मा कपाळावर चढवून न्याहाळतात आणि ट्रे भरणाऱ्या बायांवर ओरडतात, "कुणी लावलंय ह्ये? डोळा खाली घातलाय की!"

बेणं लागणीचं, नऊ ते अकरा महिन्यांचंच हवं. खोडव्याचं दाखवलं तर चहा न घेता उठतात. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रानं १९९६ साली दिलेल्या को ८६०३२ या जातीबद्दल त्यांच्यासमोर वाकडं बोलायची सोय नाही. बेणेप्रक्रियेच्या वेळी तर फोनही उचलत नाहीत. शंभर लिटर पाण्यात शंभर ग्रॅम कार्बेन्डाझिम, त्यात डोळे दहा मिनिटं. मग जिवाणूंच्या पाण्यात अर्धा तास. तोवर आण्णा घड्याळ धरून पिंपाजवळ उभे.

खरी परीक्षा डिसेंबरात. गारठ्यात डोळा फुटायला मागत नाही. म्हणून भरलेले ट्रे एकावर एक रचून प्लॅस्टिकनं गुंडाळायचे, की आत ऊब धरते आणि चार-पाच दिवसांत कोंब डोकावतात. आण्णांचा एकट्या प्लॅस्टिकवर भरवसा नाही. घरातली वाकळही त्यावर जाते. काकी म्हणतात, "आमी गारठून मेलो तरी चालंल, ह्यांच्या उसाला सर्दी व्हायला नगो!"

रोपं मेल्याची तक्रार घेऊन कुणी आलं, की आण्णा उसळतात. "माझ्या दारातनं जित्ती गेल्यात! फुडचं मला काय सांगू नगा." तो बिचारा मान खाली घालून जातो. संध्याकाळी आण्णांची दुचाकी त्याच्याच बांधावर. खाली बसून रोप उपटतात, काळी पडलेली मुळी नाकाला लावतात. "पानी किती पाजलंयसा! भात लावलाय काय?" एवढं बोलून गाडीला बांधलेले दोन ट्रे सोडतात, नांग्या भरायला.

"पैसे किती, आण्णा?"

"आदी जगू द्यात."

रोपं जगतात. पैशांची आठवण मात्र आण्णांना राहत नाही. ती वहीत लिहून ठेवलेली असते काकींनी.