बाळंतपणावर आलेल्या काकू

मराठी माणसाची बंगळूरवरची पहिली मोठी स्वारी १६३८ ची. रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे आले आणि पुढं जहागिरीवर राहिले. हल्लीची स्वारी मिरज स्टेशनातून राणी चेन्नम्मा एक्सप्रेसनं निघते. सेनापती असतात लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या काकू. सामान पाहून हमाल आधी काकूंकडं बघतो, मग देवाकडं.

खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्यात ओटी भरून लेकीला घेऊन यायचं. पण लेक आयटीत. २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, त्यातले ८ आठवडे आधी घेता येतात. लेक मात्र आधी एक दिवसही वाया घालवायला तयार नाही. कळा सुरू झाल्या की लॅपटॉप मिटणार, असं तिचं धोरण. तेव्हा माहेरच बोचकी बांधून व्हाइटफील्डच्या चौदाव्या मजल्यावर येतं.

काकूंचा पहिला नियम कडक: बाळ यायच्या आधी बाळाचं काही घरात आणायचं नाही. लेकीनं मागवलेला पाळणा त्यांनी खोक्यासकट समोरच्या धारवाडच्या बाईंकडं ठेवायला लावला. बाबागाडी तर दारातूनच परत. आणि त्याच रात्री स्वतःची ट्रंक उघडली. दुपटी, लंगोट, झबली, टोपडी, कुंची, नऊवारीची गोधडी, मोहरीची उशी.

"आई, मग हे काय?"

"हे कुठं विकत आणलंय? घरच्या जुन्या साड्या आहेत. शिवल्यात एवढंच."

"आणि ही सहाण?"

"ती देवाच्या गंधाला."

"आणि चांदीचे वाळे?"

"ते सोनाराकडं नुसते पडून होते गं!"

या युक्तिवादापुढं सुप्रीम कोर्टही तारीखच देईल.

मग डॉक्टरांची भेट. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, सहा महिने फक्त आईचं दूध. पाणी नाही, मध नाही, गुटी तर नाहीच. काकू म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं." इतक्या नम्रपणे की लेक घाबरली. घरी आल्यावर हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, जायफळ, हिरडा यांची पुरचुंडी ट्रंकेतून निघून देव्हाऱ्यामागं गेली. तिथं जावई शोधायला जाणार नाहीत, हे काकूंना पक्कं ठाऊक.

बंगळूर काकूंनी आठवड्यात जिंकलं. मिरजेकडचं कन्नड, त्याला सांगलीचा हेल. पण खालच्या भाजीवालीकडून 'सब्बसिगे सोप्पु' म्हणत शेपूची जुडी घेताना त्या अशा काही घासाघीस करतात की ती बाई पैसे कमी करते आणि वर कोथिंबीर देते. धारवाडच्या बाईंनी 'अंटिन उंडी' आणून दिली. म्हणजे डिंकाचे लाडूच. काकूंनी चव घेतली, छान झालेत म्हणाल्या, आणि दार लागल्यावर निकाल दिला, "खोबरं जास्त, डिंक हात राखून."

जावई तसे सज्जन. मोबाईलवर बघून दर सोमवारी जाहीर करतात, "आई, बाळ या आठवड्यात वांग्याएवढं आहे."

"अहो जावईबापू, काहीतरीच! चांगलं बोलावं की हो!"

त्यांची खरी जुंपते ती रस्त्यावरून. हॉस्पिटल सिल्क बोर्ड चौकाच्या पलीकडं. काकू एकदा संध्याकाळी सहाला त्या चौकातून गेल्या, त्यानंतर त्यांनी जावयांना सावकाश विचारलं, "अलीकडचं एखादं नव्हतं का हो?" जावयांनी नकाशा काढला, पर्यायी रस्ते दाखवले, तीन रंगांत. काकूंना नकाशात रस नव्हता. त्यांनी लेकीच्या पोटाशी तोंड नेऊन थेट सांगून टाकलं, "बाळा, यायचं तर रात्री दोनला निघ. शनिवार-रविवार बघून."

परतीचं तिकीट हा घरातला नाजूक विषय. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं, ही माहिती जावई सहज म्हणून दर दोन दिवसांनी पुरवतात. काकू बोटांवर हिशेब मांडतात. बारसं, मग सव्वा महिना, मग लेक कामावर जायला लागली की बाळाकडं बघायला कुणीतरी हवंच. बोटं संपतात, तिकीट निघत नाही.

आणि परवा नागपूरहून विहीणबाईंचा फोन. "आम्हीही जरा आधीच यावं म्हणतो. लाडू मी करून आणते, तुम्ही दगदग करू नका."

"या की, घर तुमचंच आहे," काकू म्हणाल्या. फोन ठेवला, पदर खोचला, आणि रात्री साडेदहाला डिंक तळायला घेतला.