खरखर घालून मिळेल

दुरुस्तीचा एक साधा नियम आहे. चांगलं कसं चालतं हे माहीत असलं, की बिघडलेलं ओळखू येतं. पंखा फिरला पाहिजे, मोटारीनं पाणी उपसलं पाहिजे, कुकरनं शिट्टी दिली पाहिजे. पण ज्या वस्तूचं कामच मुळी आवाज बिघडवणं आहे, ती बिघडलीय हे कसं ओळखायचं? मे महिन्यात सुट्टीला आलेल्या आमच्या भाच्यानं हा पेच परभणीत आणून टाकला.

वस्तूचं नाव फझ पेडल. गिटार आणि ॲम्प्लिफायर यांच्या मध्ये ठेवायचं, पायानं बटण दाबायचं, की गिटारचा गोड आवाज टराटरा फाटतो. फाटलाच पाहिजे. याचा जन्मही बिघाडातूनच झालेला. अमेरिकेत नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' या गाण्याचं ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सरच्या एका चॅनलचा ट्रान्सफॉर्मर खराब निघाला आणि ग्रेडी मार्टिनचा बास घोगरा वाजला. त्या मंडळींनी तो तसाच ठेवला. १९६१ मध्ये गाणं गाजलं, तेव्हा ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तोच बिघाड मागेल तेव्हा करून देणारी पेटी तयार केली. गिब्सन कंपनीनं १९६२ मध्ये ती 'मॅस्ट्रो फझ-टोन' या नावानं विकायला काढली. आधी कुणी फारसं विचारेना. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये कीथ रिचर्ड्सनं ती वाजवली आणि मग दुकानांत पेट्या उरल्या नाहीत. नादुरुस्तीला एवढा भाव आलेला मी तरी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

असं पेडल घरीच बनवायला भाच्यानं निवडलेला सर्किटचा नकाशा 'फझ फेस' या १९६६ च्या पेडलचा होता. नवशिक्यानं हाच घ्यावा, कारण यात दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टन्स, तीन कंडेन्सर आणि दोन कंट्रोल, एवढाच पसारा. ट्रान्झिस्टर मात्र जर्मेनियमचे लागतात आणि ते आता सहज मिळत नाहीत. ते आबांच्या रेडिओत मिळाले. माळ्यावरचा तो रेडिओ कित्येक वर्षं मुका होता. त्याच्या आउटपुटला एसी-१२८ ची जोडी बसलेली होती. आबांनी परवानगी दिली, पण "बोलायला लागला की मला सांग" अशी अट घालून. रेडिओ बोलणार नाही, त्याचे अवयव गिटारला बसवायचेत, हे त्यांना कुणी समजावून सांगितलं नाही. दुपारच्या वेळी आमच्याकडे कुणी कुणाला काही समजावत नाही.

पेडल तयार झालं. पांढऱ्या प्लास्टिकच्या श्रीखंडाच्या डब्यात, वरून दोन बटणं. भाच्यानं गिटार छेडली. काहीच नाही. फाटका आवाज नाही, धड आवाज नाही, साधी घुर्रही नाही.

मग आम्ही चाचांकडे गेलो. चाचांची बसस्टँडच्या मागे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीची टपरी आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डबा उघडला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, माझी उमर गेली खरखर काढण्यात. आता खरखर घालायचे किती पैसे घेऊ, तुम्हीच सांगा."

"चाचा, चांगली खरखर पाहिजे," भाचा म्हणाला.

"म्हणजे वाईट खरखर येऊ लागली तर परत आणणार?"

प्रश्न बिनतोड होता. पण चाचा कामाचे. त्यांनी एका वायरीच्या टोकाला छोटा कंडेन्सर जोडला, दुसरं टोक ॲम्प्लिफायरला दिलं, आणि भाच्याला गिटारची एकच तार सारखी वाजवत राहायला सांगितलं. मग कंडेन्सरचा मोकळा पाय सर्किटवर एकेका ठिकाणी टेकवत निघाले. कालव्याला पाणी सुटल्यावर शेतकरी जसा सायकल घेऊन पाणी कुठवर आलं ते बघत टेलपर्यंत जातो, तसा हा तपास. इनपुटच्या जॅकला आवाज आहे. पहिल्या कंडेन्सरच्या अलीकडे आहे, पलीकडे नाही. चाचांनी बोटानं कंडेन्सर हलवला, तो आपल्या भोकात मजेत डोलला. ड्राय सोल्डर. वरून डाग चकचकीत, आत धरलेलं काही नाही. परभणीकराला हा प्रकार नवा नाही, पण ते असो.

दुसरा घोटाळा जरा तात्त्विक होता. हे ट्रान्झिस्टर पीएनपी जातीचे. यांच्यात बॅटरीचा प्लस अर्थला जातो. भाच्याच्या डोक्यात काळी वायर म्हणजे अर्थ, त्यामुळे बॅटरी उलटी आणि तिच्या जोडीनं इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सरही उलटे. चाचांनी ते सुलटे केले. म्हणजे दिसायला उलटे केले. "सीधा उल्टा है, उल्टा सीधा," एवढंच ते म्हणाले, आणि मला पहिल्यांदा इलेक्ट्रॉनिक्स कळल्यासारखं वाटलं.

पेडल वाजलं. पण फाटण्याऐवजी घुसमटल्यासारखं. तार छेडली की आवाज खोकत यायचा आणि मध्येच मरायचा. रात्री गच्चीवर तेच पेडल झकास, दुपारी खोलीत पुन्हा दमेकरी. भाच्यानं मल्टीमीटर लावला. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर साधारण साडेचार व्होल्ट, म्हणजे बॅटरीच्या निम्मे, हवेत. दुपारी त्याच्या आसपासही काही नव्हतं.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही छाती फुगवून म्हणतो. क्लेमेन्स विंक्लर यांनी १८८६ मध्ये जर्मनीत एक मूलद्रव्य शोधलं आणि त्याला देशाचंच नाव दिलं, ते हे जर्मेनियम. म्हणजे म्हणीतल्या दोन्ही पक्षांची प्रत्यक्ष गाठ आमच्या माजघरात पडली होती, आणि ऊन जर्मनीला सोसत नव्हतं. जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरमधून बंद असतानाही थोडा करंट गळत राहतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की ही गळती जवळपास दुप्पट होते. सर्किटची सगळी आकडेमोड समजा पंचवीस अंशांवर बेतलेली. आमचा मे महिना चाळिशी ओलांडून पुढे गेलेला. चाचांनी खात्री करायला रसवंतीवरून बर्फाचा खडा आणला, पिशवीत बांधला आणि ट्रान्झिस्टरवर टेकवला. पेडल लगेच अमेरिकन गायला लागलं. बर्फ वितळला, पुन्हा मराठवाडी.

उपाय म्हणून त्यांनी एका रेझिस्टन्सच्या जागी छोटा प्रीसेट बसवला. ऋतू बदलला की पेचकस घेऊन पिळायचा.

आता सगळं जुळलं असं वाटलं. भाच्यानं फझ पूर्ण पिळला, गिटारचा आवाज बंद करून श्वास घेतला. आणि डब्यातून एक शांत, सुसंस्कृत पुरुषी आवाज म्हणाला, की पेरणीपूर्वी सोयाबीनची उगवणक्षमता घरच्या घरी तपासून घ्यावी.

आकाशवाणी परभणी. मध्यम लहरी, १३०५ किलोहर्ट्झ. यात त्यांचा काडीचा दोष नाही. गिटारची लांब वायर म्हणजे आयती एरियल. फझचा पहिला ट्रान्झिस्टर इतका हावरट, की समोर येईल ते मोठं करतो, आणि करता करता त्यातला आवाज वेगळाही काढतो. जुन्या रेडिओत डायोड हेच काम करायचा. प्लास्टिकचा डबा लहरींना अडवत नाही. इलाज सोपे: धातूचा डबा अर्थला जोडायचा आणि इनपुटला शंभरेक पिकोफॅरडचा कंडेन्सर अर्थकडे टाकायचा. रेडिओ तिथल्या तिथे गप्प होतो, गिटारला कळतही नाही. आजीच्या पोह्यांचा स्टीलचा डबा आम्ही हेरूनही ठेवला होता.

पण तोवर आबा काठी टेकत माजघरात आले होते.

"बोलायला लागला की," ते म्हणाले.

भाच्यानं त्यांना समजावायचा प्रयत्न केला. आबा, हा दोष आहे, हे काढायचंय. आबांनी सगळं ऐकलं. त्यांच्या मते रेडिओचे दोन ट्रान्झिस्टर रेडिओचं काम करायलेत, यात दोष तो कसला? उलट गिटार लावली की बातम्या ऐकू येत नाहीत, तेवढी ती गिटार काढायची. चाचांना पंच म्हणून बोलावलं, तर त्यांनी सरळ आबांच्या बाजूनं कौल दिला. पन्नास रुपयेही घेतले नाहीत. हे काम आपल्या नेहमीच्या यादीतलं आहे म्हणाले.

भाचा पुण्याला गेला. आता सिलिकॉनच्या बीसी-५४७ चं दुसरं पेडल बनवतोय, ते उन्हाला इतकं घाबरत नाही. जर्मेनियमचं पेडल ॲम्प्लिफायरसकट आबांच्या खाटेखाली आहे. इनपुटची वायर वाळवणाच्या दोरीवर टाकलेली. संध्याकाळी आबा पायानं बटण दाबतात आणि निवेदक किंचित फाटक्या गळ्यानं सुरू होतो. प्रीसेट पिळायला चाचा महिन्याकाठी चक्कर मारतात. घरात कुणी गिटार आणली, तर ती व्हरांड्यातच ठेवावी लागते.