डिचोलीचे बिशप

अहो, ऐकलंत का? तो गोव्यातल्या दिवाडी बेटावरचा मातेउश द कास्त्रो हो, बिशप! या अशा कुंपणाजवळ, अंबाडी निवडता निवडता सांगते.

घर ब्राह्मणाचं, ख्रिस्ती झालेलं. पोरगा हुशार, रेइश मागुशला फ्रान्सिस्कनांकडे शिकला. म्हणाला, आता मला पाद्री करा. तर आर्चबिशप क्रिस्तोव्हाँव द सा यांनी सरळ नन्नाच लावला! का, तर म्हणे इथल्या माणसाला दीक्षा द्यायचीच नाही. बाप्तिस्म्याला चालायचा हो इथला माणूस, पण वेदीपाशी उभा राहायला... जाऊ द्या.

तर काय सांगत होते, आपल्या हिंगणीत काम अडलं तर माणूस सेलूला जातो, फार तर वर्ध्याला. हा गडी थेट रोमला! १६२५ मध्ये पोचला. तिथं पोपसाहेबांनी १६२२ मध्ये धर्मप्रसाराचं नवं डिपार्टमेंट काढलेलं, प्रोपागांडा फिदे. इकडच्या चर्चवरची पोर्तुगालच्या राजाची मक्तेदारी त्यांनाही खुपतच होती. जमलं की मग! पाद्री होऊन हा गोव्यात परतला, तर तिथले अधिकारी म्हणाले, रोमचे हे कागद आम्ही मानत नाही. पुन्हा रोम! अन् १६३७ मध्ये चक्क बिशप. तेही गुपचूप हं, पोर्तुगालला पत्ता लागू नये म्हणून.

आणि येऊन बसला कुठे? डिचोलीत! आदिलशाहीचा मुलूख, गोव्याच्या अगदी नाकासमोर, पण पोर्तुगीजांचा हात काही पोचत नाही. गोव्यात नाकारलेली पोरं तिकडे जायची अन् पाद्री होऊन परत यायची. गोव्यातल्या एकेका पोर्तुगीज पाद्र्याचं काय तोंड उतरलं असेल बाई! इथिओपियाचे पॅट्रिआर्क अफोन्सो मेंदिश होते ना तेव्हा गोव्यात, ते तर याच्या रंगावरून असं काही बोलले... नको, पोरं ऐकतायत.

बरं, हाही काही गरीब गाय नव्हता. १६५३ मध्ये 'ब्राह्मणांचा आरसा' म्हणून पत्रक काढलं, त्यात पोर्तुगीजांचे नुसते वाभाडे! स्वतःच्या ब्राह्मणपणाचा तोरा मात्र तस्साच. पुढल्याच वर्षी आदिलशाही फौज गोव्यावर आली, तर सगळ्यांचं बोट याच्याकडे. खरं-खोटं... पण मनातून खूश झालाच असणार, मी सांगते! शेवटी गेला तोही रोमलाच, १६७७ मध्ये.

आणि ऐका तर, त्याच्या नात्यातलाच तॉमास, तोही पुढे रोमकडूनच बिशप होऊन आला. आता बोला!